गॅलरीत दाणा नको, पाणी ठेवा : पटतंय का बघा

माळावरचा (पुणे)

मार्च उजाडला की सोसायटीच्या ग्रुपवर तोच मेसेज फिरायला लागतो. २० तारखेला जागतिक चिमणी दिवस, म्हणून 'गॅलरीत मूठभर दाणे ठेवा, चिऊताई वाचवा'. मग लोक किलोकिलोनं बाजरी आणतात, दोन दिवस फोटो टाकतात आणि तिसऱ्या दिवशी 'कबुतरांचं काय करायचं' म्हणून त्याच ग्रुपवर विचारतात.

माझं म्हणणं सरळ आहे. शहरात इमारतीत राहत असाल तर दाणा ठेवूच नका. पाणी ठेवा, जमतील तेवढी झाडं लावा.

यामागे पक्ष्यांच्या पिल्लांचा खुराक आहे, आणि नेमकी तीच गोष्ट कुठल्या मेसेजमध्ये नसते. कबुतराच्या नर-मादी दोघांच्याही गळ्याच्या पिशवीत एक दाट, पिवळसर पदार्थ तयार होतो. त्याला पक्षीवाले 'दूध'च म्हणतात. पिल्लं सुरुवातीला त्यावर वाढतात. आईबापांना धान्य मिळालं की काम झालं, किडे शोधायची गरज नाही. त्यामुळे अन्न असेल तिथे कबुतरं वर्षभर अंडी घालतात, एका खेपेला दोन, साधारण अठरा दिवस उबवणी, की पुढची खेप.

चिमणीचं तसं नाही. मोठी चिमणी दाणे खाते, पण नुकत्या जन्मलेल्या पिल्लाला अळ्या, मावा, कोळी असलंच काही मऊ लागतं. तुमची बाजरी कबुतरांची पुढची पिढी वाढवते, चिमण्यांची नाही. २०२० च्या 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' अहवालात चिमणी देशभर एकंदर टिकून आहे, घटली आहे ती मुंबईसारख्या महानगरांत, असं आलं होतं. महानगरात धान्याचा दुष्काळ आहे का? किराणा दुकानांसमोर सांडलेलंच बघा. कमी आहेत त्या अळ्या आणि घरट्यासाठी सांदीकोपरे.

बोला आता.

गच्चीवाली (ठाणे)

काका, 'दाणा ठेवूच नका' हे जरा जास्तच होतंय. दाणा ठेवायचा कसा ते लोकांना माहीत नाही, म्हणून दाणाच बंद?

आमच्याकडे चौथ्या मजल्यावर दीड इंची वेल्डमेशचा पिंजरा करून घेतलाय. मधोमध दाण्याची नळी, चारही बाजूंनी हातभर अंतरावर जाळी. चिमणी आणि ठिपकेवाली मुनिया जाळीतून सहज आत जातात, कबुतराचं फक्त डोकं जातं आणि चोच नळीपर्यंत पोचत नाही. आठवडाभर वर बसून घुटर्रघूं करत बघत होती, मग नाद सोडला. खाली रुंद ताट लावलंय, म्हणजे फोलपटं आणि सांडलेले दाणे खालच्यांच्या गॅलरीत जात नाहीत. सकाळी चहाच्या कपाएवढेच राळे घालते, दहा वाजेपर्यंत संपतात, दुसरी खेप नाही.

आणि चिमणीच्या पिल्लांना किडे लागतात हे बरोबर, पण ते किडे शोधायला आईबाप जिवंत आणि धडधाकट नकोत का? स्वतःचं पोट दाण्यावर भरलं तर उरलेला वेळ पिल्लांसाठी. एवढं साधं गणित आहे.

सेक्रेटरीबुवा (मुंबई)

ताई, तुमच्यासारखा पिंजरा करून घेणारा सोसायटीत एक असतो. बाकीचे एसीच्या आउटडोअर युनिटवर ताटली ठेवतात. त्याच्यामागे कबुतराचं घरटं, वर विष्ठेचा थर, आणि एसीवाला हात लावायला तयार नाही. मग पाचव्या मजल्यावरच्या दाण्यासाठी आठ मजल्यांना जाळ्या मारायच्या, त्याचा खर्च मेंटेनन्समधून.

नियमात पळवाट ठेवली की लोक पळवाटेनंच जातात. २०२५ च्या जुलैत मुंबईतले ५१ कबुतरखाने बंद करायची घोषणा विधान परिषदेत झाली, ऑगस्टमध्ये दादरच्या कबुतरखान्यावर ताडपत्री चढली आणि जमावानं ती फाडलीही. एवढं रामायण झाल्यावर लोकांनी काय केलं? गोण्या घेऊन गच्चीवर गेले. आमच्याच गच्चीवर.

पुष्पक (नाशिक)

सेक्रेटरी, भूतदया म्हणून दाणे टाकणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना गुन्हेगार ठरवू नका. माझे आजोबा आयुष्यभर जेवायच्या आधी बाहेर घास ठेवायचे. कुणाला काही झालं नाही.

छातीची डॉक्टर

पुष्पक, 'कुणाला काही झालं नाही' हे वाक्य मी रोज ऐकते, पेशंटच्या नातेवाइकांकडून. म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

कबुतराची वाळलेली विष्ठा आणि पिसांवरची भुकटी यांतली प्रथिनं श्वासातून आत जातात. सगळ्यांना त्रास होत नाही, पण काहींच्या शरीराला त्याचं वावडं तयार होतं आणि फुप्फुसाला आतून सूज येत राहते. याला हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस म्हणतात. सुरुवात कोरड्या खोकल्यानं, जिना चढताना धाप लागण्यानं. लवकर ओळखलं आणि संपर्क तोडला तर बरंच सावरतं. वर्षानुवर्षं चाललं तर फुप्फुसात व्रण पडतात, ते मागे फिरत नाहीत. तुमच्या आजोबांचा घास बाहेर, उघड्यावर होता. इमारतीच्या डक्टमध्ये, म्हणजे पाइपांच्या बंदिस्त मोकळ्या जागेत, साठलेली विष्ठा आणि तिच्याकडे उघडणारी बेडरूमची खिडकी, हे वेगळं प्रकरण आहे.

आता दुसरी बाजूही सांगते, कारण कबुतरांवर सगळं ढकलणंही खरं नाही. फुप्फुसांच्या अशा आजारांची भारतातल्या १०८४ रुग्णांची एक नोंदणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात जवळजवळ ४७ टक्के रुग्णांना हाच आजार निघाला आणि त्यांतल्या साधारण निम्म्यांच्या घरी संशयित म्हणून पुढे आला तो एअर कूलर. ओलसर वाळ्याच्या जाळीवरची बुरशी. म्हणजे कबुतराला शिव्या घालणाऱ्यानं उन्हाळ्याआधी कूलरची जाळीही बदलावी.

आणि विष्ठा कोरडी झाडू नका, कृपा करून. पाणी मारून भिजवा, मास्क लावा, मग पुसून काढा.

वऱ्हाडी माणूस (अकोला)

तुमची सगळी चर्चा फ्लॅटवाल्यांची चालली. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. अंगणात कडुनिंब आहे, कवेलूचं जुनं छप्पर आहे, चिमण्या छपरातच नांदतात. कबुतरं आहेत, पण ती मोठ्या इमारतींकडे.

आमची पद्धत जुनी. ज्वारीची कणसं काढली की चार-सहा कणसांची जुडी बांधून ओसरीच्या वाशाला उलटी टांगायची. चिमणी कणसाला उलटी लोंबकळते, एक दाणा ओढते, चोचीत गोल फिरवते, बोंड खाली पडतं अन् दाणा आत. कबुतराला असं लोंबकळता येत नाही, ते खाली उभं राहून वर पाहत बसते. ना जाळी, ना पिंजरा. दारावर भाताच्या लोंब्यांचं तोरण तुमच्या मावळात अन् कोकणातही असतेच की.

एका बाबतीत काकांशी सहमत. इकडे उन्हाळ्यात दाण्यापेक्षा पाणी मोठं. भर दुपारी चोच उघडी टाकून धापा टाकणारा कोतवाल पाहिला की कळते.

माळावरचा

कणसाची जुडी मान्य, एकदम मान्य. एक तर ती संपते, दुसरं म्हणजे ती पसाभरच असते. माझा वाद ताटलीशी आहे.

गच्चीवाली ताई, तुमचा पिंजरा चांगला आहे, पण 'आईबाप धडधाकट' हे गणित मला अर्धंच पटतं. इमारतीच्या आसपास अळ्याच नसतील तर धडधाकट आईबाप आणणार कुठून? सोसायटीतल्या बागेवर दर महिन्याला औषध फवारायचं, पडलेलं पान दिसलं की उचलायचं आणि मग गॅलरीत राळे. त्यापेक्षा फवारणी थांबवा.

डासमार

सगळे 'पाणी ठेवा, पाणी ठेवा' म्हणताय, डेंग्यूचं काय? आमच्या भागात पालिकेची माणसं येऊन कुंड्यांखालच्या ताटल्या ओतून गेली. दाण्याला बंदी आणि पाण्याला पुण्य, हा कुठला न्याय?

माळावरचा

रास्त प्रश्न आहे. डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात. रोज पाणी बदललं तर अळी तिथवर पोचत नाही. पण नुसतं ओतून भरण्यात एक गफलत आहे: मादी अंडी पाण्यात नाही, भांड्याच्या कडेला पाण्याच्या रेषेच्या जरा वर चिकटवते आणि ती अंडी कोरडी राहूनही महिनोन्‌महिने टिकतात. म्हणून काथ्यानं कडा घासायच्या. मातीचं उथळ परळ, पाणी दोन बोटं, मधे एक खडबडीत दगड म्हणजे लहान पाखरू बुडत नाही. ठेवायचं सावलीत, पण मांजर दबा धरेल अशा झुडपापासून लांब. आठ दिवस गावाला जाणार असाल तर परळ पालथं घालून जा.

आणि हो, पाण्यावर जी मंडळी येतात ती दाण्यावर कधीच येत नाहीत. बुलबुल, दयाळ, शिंपी, चष्मेवाला, नाचण. दाण्याची ताटली ठेवणाऱ्याला हे सगळे आपल्या गल्लीत आहेत याचा पत्ताच नसतो.

टेम्सकाठी

मी इंग्लंडमध्ये राहतो, इथे परसात पक्ष्यांना खाऊ घालणं घरोघरी चालतं. हिवाळ्यात दिवस आठ तासांचा आणि जमीन गोठलेली, तेव्हा त्याला अर्थ असतो. पुण्यात तसा हिवाळा नाही, त्यामुळे इथली पद्धत उचलून तिथे लावू नये असं मलाही वाटतं.

पण इथेही आता चूळबूळ सुरू आहे. कबुतर-होल्यांमध्ये पूर्वीपासून असलेला ट्रायकोमोनास नावाचा परजीवी २००५ च्या सुमारास इथल्या ग्रीनफिंच नावाच्या दाणे खाणाऱ्या लहान पक्ष्यांमध्ये पसरला. घसा सुजतो, घास गिळता येत नाही, पक्षी दाणा चघळून पुन्हा तबकात टाकतो आणि पुढचा तोच उचलतो. ग्रीनफिंच इतके घटले की २०२१ मध्ये ते धोक्यातल्या लाल यादीत गेले. २०२५ मध्ये आरएसपीबी या पक्षीसंस्थेनं स्वतःच्या दुकानातली सपाट तबकं विकणं थांबवलं. म्हणून ताई, तुमची नळी ठीक, पण ते खालचं रुंद ताट रोज पुसता का?

गच्चीवाली

ताट रोज झटकते, धुते आठवड्याला. आता रोज धुवेन. नळी पंधरवड्यानं एक भाग ब्लीच, नऊ भाग पाणी असं करून धुते आणि खडखडीत वाळवूनच परत लावते. पावसाळ्यात जून ते सप्टेंबर दाणा पूर्ण बंद, कारण राळे ओले झाले की दुसऱ्या दिवशी बुरशी धरतात. शिवाय त्या दिवसांत बाहेर गवताचं बी आणि किडे भरपूर असतात.

एक विचारायचं राहिलं: ऑनलाइन 'हमिंगबर्ड फीडर' म्हणून लाल प्लास्टिकची बाटली मिळते. शिंजिरासाठी, म्हणजे फुलांतला मध पिणाऱ्या आपल्या चिमुकल्या पाखरासाठी, साखरपाणी घालून कुणी वापरलीय का?

माळावरचा

हमिंगबर्ड अमेरिका खंडाबाहेर नाहीत, तरी बाटली इथे विकतात यातच काय ते आलं! आपल्या उन्हात साखरपाणी दिवसभरात आंबतं, मुंग्या लागतात त्या वेगळ्या. शिंजिराला जास्वंद लावा. मोठी जागा असेल तर पांगारा नाहीतर काटेसावर. फेब्रुवारी-मार्चमध्ये काटेसावर फुलली की साळुंक्या, बुलबुल, शिंजीर, कावळे, सगळं गाव तिथे जेवायला.

आंब्यावरचं बांडगूळही सरसकट छाटू नका. फुलटोच्या त्याचं फळ खातो, चिकट बी फांदीवर पुसून टाकतो, तिथून नवं बांडगूळ येतं. आंब्याचं थोडं नुकसान होतं, मला चालतं. बागायतदाराला चालणार नाही, त्यानं छाटावं.

पुष्पक

म्हणजे शेवटी ज्याच्याकडे जागा आहे त्यानंच पाखरं बघायची. वन आरकेमध्ये राहणाऱ्या माझ्या आजीनं पांगारा लावायचा कुठे? तिला सकाळी दोन दाणे टाकून जे समोर येईल ते बघायचंय. कबुतर आलं तर कबुतर.

छातीची डॉक्टर

आजींना खोकला नसेल तर खिडकीबाहेर, आत वारा येणार नाही अशा बाजूला, कणसाची जुडी टांगा. अकोल्याच्या दादांनी सांगितलीय तशी. दम्याचा किंवा फुप्फुसाचा जुना त्रास असेल तर तेही नको, फक्त पाणी. आणि फरसाण, बिस्किटं, शेव कुणालाच घालू नका. तेल-मीठ जे तुम्हाला नको म्हणून सांगते तेच पाखरांनाही नको.

तळमजला

दाणे सांडले की उंदीर येतात हे कुणीच लिहिलं नाही. मुंबईत पावसाळ्यात उंदरांच्या मुतातून लेप्टो होतो. वरच्यांची भूतदया, खालच्यांना ताप. गच्चीवाली ताईंचं ताट सक्तीचं करा.

बाकी उंबर कुंडीत लावला तर चालेल का? तांबट येतील असं वाचलं.

माळावरचा

कुंडीत नको, मुळं कुंडी फोडून भिंतीत शिरतील. तसंही तांबटच्या विष्ठेतून वड-पिंपळ तुमच्या पाइपाच्या सांध्यात आपोआप उगवतातच. सोसायटीच्या मागच्या कोपऱ्यात, भिंतीपासून लांब, जमिनीत लावा. फळ धरायला काही वर्षं जातील, पण मग तांबट, कोकीळ, बुलबुल, हळद्या, कुणालाही दाणा टाकावा लागणार नाही.

सेक्रेटरीबुवा

आमच्या मागच्या कोपऱ्यात दोन चारचाकींचं पार्किंग वाटप झालंय. झाड लावायचं असेल तर सर्वसाधारण सभेत लेखी विषय द्या. कोरम झाला तर बघू.