आंबिल ओढ्याजवळ तळमजल्याचा फ्लॅट घ्यावा का?

नवा_भाडेकरू: पुण्यात सहकारनगरच्या बाजूला, ओढ्यापासून एक इमारत सोडून तळमजल्यावर टू बीएचके मिळतोय. भाव आजूबाजूपेक्षा बराच कमी. आईचे गुडघे गेलेत, म्हणून तळमजलाच बघतोय. एजंट म्हणतो, "२०१९ चा पूर एकदाच आला, आता भिंत बांधलीये." ओढ्यात तर घोटाभर पाणी. काय करू?

पर्वतीकर: एजंटला विचारा, स्वतः राहशील का.

अरण्येश्वरवाली: २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री मी इथेच होते, दुसऱ्या मजल्यावर. पाणी हळूहळू चढत गेलं, असं काही झालंच नाही. आधी आवाज आला, मग खालच्या गाड्या एकमेकींवर आदळायला लागल्या. त्या रात्री पुण्यात वीसहून जास्त जीव गेले. आमच्या टांगेवाले कॉलनीत तर भिंत पडून माणसं गेली. म्हणून 'भिंत बांधलीये' ऐकलं की माझं डोकं फिरतं. भिंत पाणी अडवते तोवर अडवते, अन् गेली की साठलेलं सगळं एकदम अंगावर.

हा ओढा कात्रजच्या डोंगरातून उतरतो आणि दांडेकर पुलाकडून मुठेला मिळतो. पल्ला छोटा, उतार भरपूर. तुमच्या खिडकीत रिमझिम असली तरी वर ढग फुटला की लोंढा इथे हजर. अन् वेग दुप्पट झाला की पाण्याचा धक्का चौपट होतो. फूटभर वाहत्या पाण्यात छोटी कार तरंगायला लागते, तिथे आईंचं काय?

तेव्हा फ्लॅट नंतर बघा, आधी खालच्या अंगाची मोरी, म्हणजे ओढा रस्त्याखालून नेणारा छोटा पूल, बघा. त्या पुराच्या दुसऱ्या सकाळी आमच्याकडच्या मोरीच्या तोंडाशी झाडाचा बुंधा आडवा होता, त्यावर गादी, गॅसची टाकी, एक स्कूटर, आणि फटींत प्लास्टिक इतकं ठासलेलं की बोट शिरेना. मोरीच्या मध्ये खांब आहे का, आडवी जलवाहिनी गेलीये का, काठावर राडारोडा टाकलाय का ते बघा. आणि मोरी तुंबली तर रस्त्याच्या उताराने पाणी कुणाच्या गेटात शिरेल, तेही. माझा अंदाज, तुमच्याच.

साइटवाला: ताईंशी सहमत. एक भर घालतो. रस्त्यावर पाणी असताना गाडी काढायला खाली उतरू नका. गटार दाबाने भरलं की चेंबरचं झाकण आतूनच उचललं जातं, वरून दिसत नाही. २०१७ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत डॉ. दीपक अमरापूरकर पाण्याखाली न दिसलेल्या उघड्या मॅनहोलमध्ये पडून गेले.

नवा_भाडेकरू: सगळ्यांचे आभार. रविवारी मोरी बघून येतो. पार्किंग बेसमेंटला आहे, ते लिहायचं राहिलं.

अरण्येश्वरवाली: मग रविवार कशाला वाया घालवताय? लिफ्टवाली इमारत शोधा, पहिला मजला घ्या. लिफ्टला जनरेटर आहे का तेवढं विचारा.