मदत हवी आहे: क्योटोच्या रियोकानने शाकाहारी जेवणाला नाही म्हटलंय, शुक्रवारपर्यंत उत्तर द्यायचंय

सायली_पुणे:
क्योटोत एक रात्र रियोकानमध्ये, म्हणजे पारंपरिक जपानी पाहुणघरात, राहायचं बुकिंग केलंय. आज त्यांची मेल आली की दाशीशिवाय आमच्याकडे स्वयंपाक होत नाही, शाकाहारी जेवण जमणार नाही, तरी यायचं का ते शुक्रवारपर्यंत कळवा. बुकिंग करताना मी ‘शाकाहारी जेवण’ असं स्पष्ट लिहिलं होतं! एवढे दिवस गप्प का बसले? आणि दाशी वगळून दोन भाज्या करायला अडचण काय आहे? आईबाबा पहिल्यांदाच देशाबाहेर येताहेत. ताटामीच्या चटया, कागदाची सरकती दारं, युकाता हा सुती झगा घालून बागेकडे बघत चहा, हे सगळं त्यांना दाखवायचंय, त्यामुळे साधं हॉटेल सुचवू नका. रद्द करू की आणखी काही मार्ग आहे? प्लीज लवकर सांगा.

ओसाकावासी:
आधी माहिती द्या. महिना कोणता? किती जण? अंडं चालतं का? दोन्ही जेवणांसकट बुकिंग आहे का? रद्द केलं तर किती पैसे कापतात?
दाशी म्हणजे जपानी स्वयंपाकाचं मूळ पाणी. बहुतेक ठिकाणी ते कोम्बु हे समुद्री शेवाळ आणि कात्सुओबुशी, म्हणजे वाळवून किसलेला मासा, यांपासून काढतात. सूप त्यात, भाजी शिजते त्यात, बुडवून खायच्या सॉसमध्येही तेच. पानात माशाचा तुकडा दिसला नाही तरी चव त्याचीच असते. रियोकानचं रात्रीचं काइसेकी जेवण पदार्थांच्या ठरलेल्या क्रमाने येतं, बाजारहाट आधीच झालेला असतो आणि छोट्या मुदपाकखान्यात दाशीचं पातेलं एकच. तुमचे लोक निदान खरं सांगताहेत. ‘हो हो, करतो’ म्हणून मासा उचलून बाजूला ठेवणारेही असतात.

भटक्या:
एवढा विचार कशाला? छोटा इंडक्शन, कुकर आणि खिचडीचं सामान न्या. आम्ही क्योटोत रोज रात्री खोलीतच जेवलो. थेपले, चटण्या, मेतकूट. आईवडील खूश, पैसेही वाचले.

मंजिरी:
भटक्या, तुम्ही रियोकानमध्ये राहिला होतात की अपार्टमेंटमध्ये?

भटक्या:
अपार्टमेंट. पण खोली ती खोलीच ना.

मंजिरी:
अजिबात नाही. लाकडाची इमारत, कागदाची दारं आणि गवताच्या चटया. तिथे शेगडी लावणं धोक्याचं आहे आणि बहुतेक रियोकान परवानगी देतही नाहीत. ताटामीत फोडणीचा वास बसला की पुढच्या पाहुण्याला तो भोगावा लागतो. सायली, हे करू नका. कोरडा खाऊ जवळ असू द्या, पण तोही आधी विचारून खोलीत खा. आणि ताजी फळं, भाज्या घरून आणू नका, विमानतळावर काढून घेतात.

रेल्वेवेडा:
जपानला जाताय तर सांगून ठेवतो, सात दिवसांचा जेआर पास, म्हणजे जपान रेल्वेचा पास, डोळे मिटून घेऊ नका. ऑक्टोबर २०२३ मध्ये तो २९,६५० येनवरून थेट ५०,००० येनवर गेला. टोकियो ते क्योटो शिनकानसेनचं, म्हणजे बुलेट ट्रेनचं, एकेरी तिकीट साधारण १४,००० येनला पडतं. फक्त जाऊन यायचं असेल तर सुटी तिकिटं स्वस्त.

सायली_पुणे:
रेल्वेवेडा, धन्यवाद, पण पासचा प्रश्न नाहीये.
नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा. आम्ही चौघं. आईबाबांना अंडंही चालत नाही, मी आणि नवरा सगळं खातो. जेवणांसकट ३२,००० येन.

ओसाकावासी:
३२,००० माणशी की खोलीचे? रियोकानचा दर बहुतेक माणशी असतो.

सायली_पुणे:
माणशी. आठवडा आधीपर्यंत रद्द केलं तर काही कापत नाहीत.

पदयात्री:
मग माझं ऐका, क्योटोतलं हे बुकिंग सोडा आणि कोयासानला जा. कुकाई या भिक्षूला इ.स. ८१६ मध्ये हा डोंगर मिळाला आणि त्याने तिथे मठ उभारला. आज पन्नासएक देवळांत पाहुण्यांना राहता येतं. तिथलं जेवण शोजिन र्‍योरी, बौद्ध भिक्षूंचं. मांसमच्छी नाही, कांदालसूणही नाही. आमच्यापुढे लाल लाखेच्या बुटक्या चौरंगांवर ताटं आली. त्यात तिळाचा मऊसूत गोमा-दोफु होता आणि गोठवून वाळवलेल्या टोफूची भाजी. माझी सासू चातुर्मास कडक पाळणारी, तिने वाटी पुसून खाल्ली. खोली ताटामीचीच, बागही असते, पहाटे मंत्रपठणाला बसता येतं. शाकाहारी माणसाला जपानमध्ये याहून निवांत जागा नाही.

ओसाकावासी:
कोयासान सुंदरच आहे, पण क्योटोहून अडीच-तीन तास लागतात, शेवटी केबल कार आणि बस. नोव्हेंबर अखेरीस डोंगरावर थंडी चांगलीच असते. जुन्या देवळांत स्वच्छतागृह बर्‍याचदा खोलीबाहेर. ज्येष्ठांबरोबर जाताना याचा विचार हवा. सायली, आईबाबांची तब्येत कशी आहे?

सायली_पुणे:
उत्तम. बाबांचं गेल्या वर्षी गुडघ्याचं ऑपरेशन झालं, पण आता रोज पर्वतीला फिरायला जातात.

मंजिरी:
अहो, हे आधी सांगायला हवं! जेवणाइतकाच हा मुद्दा मोठा आहे. चालता येणं वेगळं आणि जमिनीवरून उठता येणं वेगळं. रियोकानमध्ये टेबल बुटकं, त्याला पाठ असलेली पण पाय नसलेली खुर्ची, आणि झोपायला जमिनीवर फुतोन, म्हणजे पातळ गादी. रात्री दोनदा उठायचं झालं तर त्यांना आधार कशाचा? जुन्या घरांत जिने उभे असतात आणि लिफ्ट नसते. तळमजल्याची खोली, आत स्वच्छतागृह आणि उंच खुर्ची मागा. काही ठिकाणी ताटामीबरोबर पलंगही असलेली ‘वायोशित्सु’ खोली मिळते, तीही विचारा.

शिरीषकाका:
सायली, आईवडिलांना क्योटोतलं सान्जुसान्गेन्दो हे देऊळ मात्र नक्की दाखव. कान्नोनच्या, म्हणजे अवलोकितेश्वर बोधिसत्त्वाच्या, १००१ मूर्ती एका लांबच लांब दालनात उभ्या आहेत आणि त्यांच्यापुढे अठ्ठावीस रक्षक देवता. त्यांत आपली सरस्वती, इंद्र, ब्रह्मदेव, गरुड सगळे आहेत. गरुड चक्क बासरी वाजवतोय. मी त्या गरुडासमोरून हलायलाच तयार नव्हतो. आत्ताची इमारत १२६६ ची आहे. आत फोटो काढू देत नाहीत आणि त्यामुळे बघणं नीट होतं.

दुर्वांकुर:
आईंना सामायिक स्नानगृहात कपड्यांशिवाय उतरायचा संकोच वाटेल. आमच्याकडे त्यावरूनच रडारड झाली होती. ‘काशिकिरी’, म्हणजे फक्त आपल्या कुटुंबापुरतं राखून ठेवायचं स्नानगृह आहे का ते विचारा. बाहेर बसून अंग धुऊन मगच टाकीत उतरायचं, साबण आत न्यायचा नाही. युकाताची डावी बाजू वर हवी. उजवी वर फक्त मृतांना घालतात, त्यामुळे आईबाबांना नक्की सांगून ठेवा.

भटक्या:
एवढे नियम पाळत, उपाशी राहून, माणशी ३२,००० द्यायचे? तेवढ्यात चौघांना चांगलं हॉटेल मिळेल.

ओसाकावासी:
त्यांनी हॉटेल नको असं पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलंय. आणि उपाशी राहायची गरज नाही. पानगळीच्या ऐन आठवड्यात क्योटोत चांगली जागा सोडली तर दुसरी मिळणं मुश्कील, म्हणून रद्द करू नका. ‘सु-दोमारी’ मागा, म्हणजे जेवणाशिवाय नुसता मुक्काम. दर बराच खाली येईल. आईबाबांपुरती न्याहारी जमेल का ते वेगळं विचारा. नेहमीच्या न्याहारीत भाजलेला मासा आणि दाशीचं मिसो (आंबवलेल्या सोयाबीनचं) सूप असतं, पण क्योटोत युदोफु, म्हणजे कोम्बुच्या पाण्यात गरम केलेला टोफू, सहज होतो. सोबत भात आणि साधा सोया सॉस. ‘शाकाहारी’ हा शब्द लिहू नका, त्यातून त्यांना काहीच कळत नाही. असं लिहा: कात्सुओ दाशी मो ताबेरारेमासेन, कोम्बु दाशी वा दाइजोबु देसु. माशाची दाशीही चालत नाही, कोम्बुची चालते.
शोजिन जेवणासाठी डोंगर चढायला नको. क्योटोतच आराशियामाला तेन्र्यु-जी देवळाच्या आवारात शिगेत्सु हे भोजनगृह आहे, तिथे दुपारी जेवा. आधी नोंदणी करा.

पदयात्री:
दुपारचं जेवण आणि देवळातला मुक्काम यांची तुलना होत नाही. पण गुडघ्याचं वाचल्यावर आग्रह सोडतो.

मंजिरी:
मुक्कामाचा करही धरा. क्योटोने तो १ मार्च २०२६ पासून वाढवलाय. जेवण वगळून माणशी दर २०,००० ते ५०,००० येनच्या मध्ये असेल तर रात्रीला माणशी १,००० येन. त्याखाली ६,००० पर्यंत ४००.

सायली_पुणे:
ओसाकावासी, तुमची वाक्यं जशीच्या तशी पाठवली आणि चार तासांत उत्तर आलं! रात्रीचं जेवण काढून टाकलंय. आईबाबांना न्याहारीला भात, कोम्बुच्या पाण्यातला युदोफु, भाजलेली वांगी आणि उमेबोशी, म्हणजे खारवलेलं आंबट फळ, देणार आहेत, आम्हा दोघांना नेहमीचं पान. खोली तळमजल्याची मिळाली, स्वच्छतागृह आत आहे. पलंग नाही, पण फुतोनखाली दोन गाद्या घालतील आणि बाबांना उंच खुर्ची देतील. काशिकिरी पाऊण तासाची, पोचल्यावर वेळ ठरवायची. आधी का कळवलं नाही तेही लिहिलंय: परदेशी पाहुण्यांचे बरेच ‘शाकाहारी’ मासे खातात, म्हणून त्यांनी तसंच धरलं होतं.
एक राहिलं. दार रात्री साडेदहाला बंद होतं म्हणतात. बाहेर जेवून तोवर परतता येईल ना?

ओसाकावासी:
आरामात. पण दुपारी तीनलाच तिथे पोचा, चहा आणि स्नान उजेडात होऊ द्या, मग सहाला जेवायला बाहेर पडा. मोठ्या बॅगा आदल्या हॉटेलातून कुरियरने पुढच्या मुक्कामी पाठवा, ताटामीवर चाकं फिरवायची नसतात.

रेल्वेवेडा:
पुढचा मुक्काम ओसाका असेल तर शिनकानसेन नको. जलद लोकलने अर्ध्या तासात पोचाल.