मदत हवी आहे: वडिलांचा प्रोस्टेट, वाफेच्या इंजेक्शनचा उपचार कुणी घेतलाय का?

नमस्कार मंडळी, आम्ही नाशिकला इंदिरानगरात राहतो. बाबा ७२ वर्षांचे. सोनोग्राफीत प्रोस्टेट (मूत्राशयाखालची ग्रंथी) वाढून ५८ ग्रॅम आलाय, पीएसए (प्रोस्टेटची रक्ततपासणी) नॉर्मल आहे. रात्री पाच-सहा वेळा लघवीला उठतात. टॅमसुलोसिनने (लघवी मोकळी व्हायची गोळी) थोडा फरक पडला, पण उठताना चक्कर येते. परवा बाथरूमच्या दारात पडता पडता वाचले. तेव्हापासून आईला झोप नाही.

डॉक्टरांनी टीयूआरपी (मूत्रमार्गातून दुर्बीण घालून प्रोस्टेटचा वाढलेला भाग कापून काढायचं ऑपरेशन) सुचवलं. पण बाबांची अँजिओप्लास्टी झालीय, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत, म्हणून भीती वाटते. दुसऱ्या डॉक्टरांनी रेझूमबद्दल सांगितलं: मूत्रमार्गातून दुर्बीण घालून सुईने प्रोस्टेटमध्ये वाफ सोडतात, एका वेळी साधारण ९ सेकंद. कापाकापी नाही. मात्र नंतर काही दिवस कॅथेटर (लघवीची नळी) ठेवावा लागतो आणि पूर्ण फरक दिसायला दोन-तीन महिने लागतात. बोटॉक्सच्या इंजेक्शनचंही विचारलं, तर चाचण्यांमध्ये ते औषध नसलेल्या नुसत्या इंजेक्शनपेक्षा (प्लासिबो) सरस ठरलं नाही म्हणाले. तो विषय आम्ही सोडला.

रेझूम नाशिकमध्ये कुठे होतं, की मुंबई-पुण्यालाच जावं लागेल? खर्च किती आला, मेडिक्लेम मिळाला का? रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असताना कुणाच्या घरी हे केलंय का? कॅथेटरचे दिवस कसे गेले, तेही सांगा. बाबांना त्याचीच जास्त धास्ती आहे.