अनुभव धागा: ल्युसर्न सरोवराभोवतीची शिखरं – कुठलं, कधी आणि कोणत्या बाजूने

आपल्याकडच्या स्वित्झर्लंड सहलींच्या यादीत टिटलिस हे बर्फाचं शिखर ठरलेलं असतं. ल्युसर्नच्या सरोवराला खेटून उभे असलेले रिगी, पिलाटुस, स्टान्सरहॉर्न आणि श्टोस मात्र 'वेळ उरला तर' म्हणून मागे पडतात. या डोंगरांची ज्यांना नीट माहिती आहे त्यांनी इथे लिहावं ही विनंती. प्रवासवर्णन नको. कुठून चढायचं, किती वेळ लागतो, लोक नेमके कुठे चुकतात, एवढं लिहिलंत तर पुढच्यांचा एक एक दिवस वाचेल.

आधी ढग, मग तिकीट

सगळ्यात मोठी चूक म्हणजे शिखर आणि दिवस आधीच ठरवून टाकणं. जवळपास प्रत्येक शिखरावर वेबकॅम आहे. सकाळी उठल्यावर तो बघावा आणि मगच तिकीट काढावं.

उन्हाळ्यात दरीतली हवा तापून वर चढते, त्यामुळे दुपारपर्यंत माथ्यांवर ढग जमतात आणि पुढे कधी कधी गडगडाट होतो. म्हणून पहिली किंवा दुसरी गाडी पकडावी. शरद ऋतूपासून हिवाळाभर उलटा प्रकार असतो. सरोवरावर धुक्याची गादी पसरते, तिचा वरचा काठ बरेचदा ८०० ते १२०० मीटरवर असतो. शहरात करडं आभाळ बघून लोक हॉटेलातच बसतात आणि वर लख्ख ऊन पडलेलं असतं.

तिसरी गोष्ट फ्योन, म्हणजे दक्षिणेकडून येणारा कोरडा, उबदार वारा. तो सुटला की शिखरं हाताच्या अंतरावर आल्यासारखी स्वच्छ दिसतात, पण केबल कार बंद पडण्याची शक्यताही तेव्हाच जास्त असते. अशा दिवशी रुळावरून जाणारी गाडी निवडावी.

रिगी (१७९८ मीटर)

कळसूबाई १६४६ मीटर, म्हणजे रिगी तिच्याहून दीडशे मीटरनेच उंच. तरीही सरोवर बघायला यासारखी जागा नाही, कारण पाणी इथे पायाशी आहे. उंची वाढत जाते तसं पाणी लांब पडतं, हे शिखर निवडताना लक्षात ठेवावं.

ल्युसर्नहून बोटीने व्हिट्सनाउ, साधारण तासाभरात. तिथून कॉगव्हील गाडी (रुळांमधल्या दातेरी पट्टीच्या आधाराने चढणारी) अर्ध्या तासात माथ्यावर नेते. १८७१ साली सुरू झालेली ही युरोपातली पहिली डोंगरी रेल्वे. चढताना डावीकडे बसावं, सरोवर त्या बाजूला राहतं.

उतरताना त्याच गाडीने परत येऊ नये. माथ्यावरून श्टाफेलमार्गे चालत काल्टबाडला यावं आणि वाटेत केन्त्सली नावाच्या कठड्यावर थांबावं. सरोवराचे फाटे तिथून जसे उलगडतात तसे माथ्यावरूनही उलगडत नाहीत. रमतगमत दीड-दोन तास धरावेत. काल्टबाडहून केबल कारने वेग्गिस आणि तिथून बोट.

रिगीचा दगड म्हणजे नागेलफ्लू. नदीतले गोटे नैसर्गिक सिमेंटमध्ये घट्ट बसावेत तसा दिसतो. त्यातले गोटे सुटून वाटेवर पडतात आणि उतारावर बुटाखाली खेळातल्या गोट्यांसारखे फिरतात. वाट सोपी असली तरी गुळगुळीत तळाचे बूट नकोत.

पिलाटुस: चढा आल्पनाखश्टाडकडून, उतरा क्रिएन्सकडे

इथली गाडी १८८९ पासून चालते आणि तिचा सर्वाधिक चढ ४८ टक्के आहे. कॉगव्हील गाड्यांमध्ये जगात सर्वांत जास्त. गाडीत बसण्याआधी दोन मिनिटं रुळांकडे बघा. रिगीला मधल्या पट्टीत शिडीसारखे दाते आहेत, चाक त्यात वरून बसतं. इतक्या तीव्र चढावर ते चाक दात्यांवर चढून बाहेर निसटलं असतं. म्हणून एदुआर्द लोखर या अभियंत्याने दाते पट्टीच्या दोन्ही अंगांना कापले आणि दोन आडवी चाकं त्यांना डावी-उजवीकडून चिमट्यासारखी धरतील अशी रचना केली. ती पट्टी स्थानकावर अगदी पायाजवळ दिसते.

ही गाडी साधारण मे ते नोव्हेंबर एवढीच चालते. हिवाळ्यात जायचं तर क्रिएन्सकडून, केबल कारनेच.

ल्युसर्न ते आल्पनाखश्टाड बोटीने दीड तासाच्या आसपास, ट्रेनने वीसेक मिनिटं. दोन्ही स्थानकं कॉगव्हीलच्या शेजारीच आहेत, त्यामुळे बोट चुकली तर दिवस बुडत नाही. वर पोचल्यावर बहुतेक जण हॉटेलच्या गच्चीवर फोटो काढून परततात. तसं करू नका. एझेलचा माथा (२११८ मीटर) पायऱ्यांनी दहा मिनिटांवर आहे. टोमलिसहॉर्न (२१२८ मीटर) हे खरं सर्वोच्च टोक, एका बाजूने सुमारे अर्धा तास. कड्याच्या पोटातून जाणारी ती वाट बर्फ साचला की बंद करतात आणि जूनपर्यंतही कधी कधी उघडत नाही. साखळी लावलेली असेल तर ओलांडायची नाही. वाट कोरडी दिसली तरी पुढच्या वळणावर सावलीत बर्फ टिकून असतो.

उतरताना आधी मोठी केबल कार, मग फ्रेकम्युंटेगला छोट्या डब्यांच्या गोंडोल्यात बदल. क्रिएन्सला दहा मिनिटं चाललं की ल्युसर्नची बस मिळते.

टिटलिसबद्दल थोडं

वरचं स्थानक ३०२० मीटरवर, एंगेलबर्ग सुमारे १००० मीटरवर. दोन हजार मीटरची ही उंची अर्ध्या-पाऊण तासात गाठली जाते आणि वर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम ७० टक्के असतो. डोकं जड होणं, पायऱ्यांवर धाप लागणं हे त्यामुळेच. पोचल्यावर पहिली पंधरा मिनिटं सावकाश हिंडावं, पाणी प्यावं, लहान मुलांना बर्फात लगेच पळू देऊ नये. हृदयाचा किंवा श्वासाचा त्रास असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारूनच यावं. गॉगल हवाच, बर्फावरून परतणारा उजेड सावलीतही डोळ्यांना लागतो. मोज्यांचा एक जादा जोड सॅकमध्ये ठेवावा.

बर्फ आणि हिमनदी बघायची असेल तर टिटलिस. सरोवराच्या दृश्यासाठी मात्र इथे येऊ नये. परतीत ट्रुबझेला उतरून त्या छोट्या तळ्याला फेरी मारा, तासाभराची आणि जवळजवळ सपाट.

श्टोसची धार

चालणाऱ्यांसाठी माझ्या मते हा या भागातला सर्वोत्तम दिवस. श्वित्स स्थानकावरून बसने फनिक्युलरच्या, म्हणजे दोराने ओढल्या जाणाऱ्या रुळांवरच्या गाडीच्या पायथ्याशी. चढ ११० टक्क्यांपर्यंत, म्हणजे १०० मीटर आडवं जाताना ११० मीटर वर. पिंपासारखे गोल डबे फिरत राहतात, त्यामुळे पायाखालची जमीन सपाटच राहते.

वर श्टोस गावात पोचल्यावर चेअरलिफ्टने आधी क्लिंगेनश्टॉक (१९३५ मीटर) गाठा आणि धारेवरून फ्रोनाल्पश्टॉककडे (१९२१ मीटर) या. ४.७ किलोमीटर, साधारण दोन तास. याच दिशेने यावं, म्हणजे सरोवर समोर राहतं आणि शेवटी उपाहारगृह मिळतं. दोन्ही अंगांना गवताचे तीव्र उतार आहेत. ओलं गवत दगडापेक्षा वाईट घसरतं. पावसात किंवा गडगडाटाची शक्यता असताना धारेवर जाऊच नये, तिथे आडोसा नाही.

स्टान्सरहॉर्न

गर्दी नको असेल तर हा. आधी १८९३ ची लाकडी डब्यांची फनिक्युलर, मग वरचा मजला उघडा असलेली केबल कार. वरच्या मजल्यावर तिसेक जणच मावतात, जिना चढायला घाई करावी. टोपी हातात धरा.

वाटांचे रंग आणि इतर

पिवळी पाटी म्हणजे साधी पायवाट. पांढरा-लाल-पांढरा पट्टा म्हणजे डोंगरवाट, पक्के बूट हवेत. पांढरा-निळा-पांढरा दिसला तर सरावाशिवाय पुढे जाऊ नये. पाटीवरच्या वेळेत विश्रांती धरलेली नसते. मुलं बरोबर असतील तर दीडपट धरा.

दर १००० मीटरला सुमारे ६ अंश तापमान उतरतं. ल्युसर्नला २५ असेल तर पिलाटुसवर १५, वारा वेगळा.

स्विस ट्रॅव्हल पासवर रिगी, स्टान्सरहॉर्न, श्टोस आणि बोटी धरलेल्या असतात. पिलाटुस आणि टिटलिसला निम्मी सवलत. अटी त्या वर्षीच्या बघून घ्या.

वाटेवरच्या झऱ्यांचं पाणी पिता येतं, 'काइन ट्रिंकवासर' (पिण्याचं पाणी नाही) लिहिलेलं असेल तेवढं टाळा. हवाई बचाव पथकाचा क्रमांक १४१४. वर पोचल्या पोचल्या शेवटच्या गाडीच्या वेळेचा फोटो काढून ठेवा. ती ऋतूप्रमाणे बदलते, आणि ती गेली तर चालत उतरायला तीन-चार तास, तेही अंधारात.