मदत हवी आहे: समुपदेशकांना गूगल शीट कोण शिकवेल?

नमस्कार मंडळी. नागपुरात आम्ही सात-आठ जण दहावी-बारावीच्या मुलांना करिअर मार्गदर्शन करतो. बहुतेक निवृत्त शिक्षक. अनुभव दांडगा, पण लॅपटॉप उघडला की सगळे एकमेकांकडे बघतात (मीही त्यातलाच).

खरी परीक्षा कॅप राउंडच्या (केंद्रीभूत प्रवेश फेरीच्या) वेळी. राज्याच्या प्रवेश परीक्षा घेणाऱ्या सीईटी सेलच्या कट-ऑफ याद्या म्हणजे शेकडो पानांच्या पीडीएफ. आमचे एक सर अजून प्रिंट काढून पट्टी धरून, पेन्सिलीने खुणा करत वाचतात. यंदा पट्टी एक रकाना सरकली, ‘एच’ म्हणजे होम युनिव्हर्सिटी (मुलाच्या भागातलं विद्यापीठ), त्याऐवजी ‘ओ’चा, म्हणजे त्याबाहेरच्यांचा आकडा वाचला गेला. समोर बसलेल्या पोरीनेच मोबाईलवर बघून चूक दाखवली! सर दोन दिवस गप्प होते.

तर, पीडीएफमधले तक्ते शीटमध्ये नीट उतरवून, प्रवर्ग आणि पर्सेंटाइलनुसार फिल्टर लावायची सोपी पद्धत कोणती? सीताबर्डी-धरमपेठ भागात रविवारी दोन तास मराठीतून, न चिडता शिकवणारं कुणी आहे का? मानधन देऊ. यूट्यूबच्या लिंक कृपया नकोत, त्या पाहून झाल्या.

आणि हो, पालक जातीचे दाखले, आधार सगळं व्हॉट्सॲपवर टाकतात. काम झाल्यावर त्याचं तुम्ही काय करता?