बेकेटने स्वतःची नाटके स्वतः बसवायला हवी होती का?

तिसरी_घंटा (धाग्याची सुरुवात)

सॅम्युएल बेकेटचे ‘वेटिंग फॉर गोदो’ १९५३ साली पॅरिसच्या तेआत्र द बाबिलोनमध्ये प्रथम रंगमंचावर आले, ते रॉजे ब्लँच्या दिग्दर्शनाखाली. पोझोची भूमिकाही ब्लँनेच केली होती. पुढची अनेक वर्षे ही नाटके दुसऱ्यांच्याच हातांनी जगभर पोचली. साठी उलटल्यावर मात्र या आयरिश नाटककाराने बर्लिनच्या शिलर थिएटरमध्ये १९६७ साली ‘एंडगेम’, १९६९ साली ‘क्रॅप्स लास्ट टेप’, १९७१ साली ‘हॅपी डेज’ आणि १९७५ साली ‘गोदो’ अशी स्वतःची नाटके जर्मन भाषेत स्वतः बसवली. तालमी सुरू होण्याआधीच हालचाली, विराम, कोण कोणत्या बाजूने वळणार, हे सारे वहीत मांडून तो येत असे, आणि त्या वह्या पुढे छापूनही आल्या.

माझे मत स्पष्ट आहे: यात नाटकांचे नुकसान झाले. तालीम म्हणजे संहितेला प्रश्न विचारण्याची जागा, आणि ज्याच्याकडे उत्तरे लिहूनच आलेली आहेत त्याच्यासमोर नटाने प्रश्न तरी कोणता विचारायचा? ‘गोदो’च्या तालमीत बेकेटने, गोदोची वाट पाहणाऱ्या दोघांपैकी एस्ट्रॅगनचे नाते दगडाशी आणि व्लादिमिरचे झाडाशी जोडून दिले. कल्पना सुंदर आहे, पण एकदा ती लेखकाच्या तोंडून ऐकली की दुसरी सुचणे कठीण होते.

विंगेतून

वह्यांविषयी आपण म्हणता ते खरे आहे, पण त्यांतली उत्तरे मूळ संहितेतली नाहीत, ही महत्त्वाची गोष्ट आपण वगळली आहे. छापील ‘गोदो’ उघडते तेव्हा एस्ट्रॅगन एकटाच एका उंचवट्यावर बसून बूट काढण्याची धडपड करत असतो. बर्लिनमध्ये पडदा उघडतो तेव्हा दोघेही रंगमंचावर आहेत, उंचवट्याच्या जागी दगड आला आहे, आणि बराच वेळ कोणी हलतही नाही. अशा निश्चल थांबण्याच्या जागा बेकेटने नाटकभर पेरल्या. शिवाय पहिल्या अंकात एकाचा कोट पट्ट्यापट्ट्यांचा आणि दुसऱ्याची विजार तशी, तर दुसऱ्या अंकात ही अदलाबदल उलट होते. त्यामुळे हे दोघे मिळून एकच माणूस आहेत की काय, अशी शंका प्रेक्षकाला एकही शब्द न बोलता येते. मूळ संहितेत यातले काही नाही.

‘क्रॅप्स लास्ट टेप’मधल्या क्रॅपचे जांभळे नाक आठवा. रंगसूचनेत ते स्पष्ट लिहिलेले आहे. मार्टिन हेल्ड या नटाला घेऊन बर्लिनमध्ये नाटक बसवताना बेकेटने ते विदूषकी नाक काढून टाकले. एल्मार टोफोवेनचा जर्मन अनुवादही त्याने ‘गोदो’च्या वेळी पुन्हा तपासून दुरुस्त केला. नाटक लिहून झाल्यावर सव्वीस वर्षांनी आपल्याच ओळींवर काट मारणारा हा दिग्दर्शक मला लेखकाचा पहारेकरी वाटत नाही.

तिसरी_घंटा

बदल केले, हे मान्य. पण ती मोकळीक त्याने स्वतःपुरतीच राखली. १९८४ साली अमेरिकेत केंब्रिजच्या अमेरिकन रेपर्टरी थिएटरमध्ये जोअ‍ॅन अकालायटिस यांनी ‘एंडगेम’ एका पडीक भुयारी रेल्वे स्थानकात घडवले, तेव्हा प्रयोग न पाहताच बेकेटने हरकत घेतली आणि शेवटी त्याचे निषेधाचे निवेदन कार्यक्रमपत्रिकेत छापावे लागले. १९८८ साली नेदरलँड्समध्ये स्त्रियांनी ‘गोदो’ करू नये म्हणून प्रकरण न्यायालयात गेले, आणि तिथे तो हरला. स्वतःच्या हाताने उंचवटा हलवणाऱ्या माणसाला दुसऱ्याचे स्थानक का खुपावे?

रंगवाचक

आपण दोघेही दोन वेगळे प्रश्न एकाच गाठोड्यात बांधत आहात. रंगसूचनांवर लेखकाचा कायदेशीर हक्क किती, हा एक प्रश्न. आणि लेखकाने स्वतः तालीम घेतल्यावर काय निष्पन्न होते, हा दुसरा. पहिल्या बाबतीत बेकेटचे वागणे मलाही कोते वाटते, नेदरलँड्सच्या प्रकरणात तर फारच. पण त्याचे खापर दिग्दर्शनावर फोडता येत नाही. १९६२ साली लंडनच्या रॉयल कोर्ट थिएटरमध्ये ‘हॅपी डेज’चे दिग्दर्शक जॉर्ज डिव्हाइन होते, आणि तरीही बेकेटने तालमीत मेट्रोनोम (ठेका मोजून देणारे यंत्र) आणून ब्रेंडा ब्रूसला लय ठोकून दाखवली. दुसऱ्याच्या तालमीत मागच्या रांगेत बसलेला लेखक त्या नटीला केवढा जाच वाटला असेल! त्यापेक्षा त्याने खुर्ची पुढे घेऊन जबाबदारी स्वीकारली, हे सर्वांच्याच हिताचे झाले.

हौशी_नट

मी लेखक-दिग्दर्शकाच्या हाताखाली काम केले आहे, आणि तो अनुभव मुळीच चांगला नव्हता. आमचे लेखक प्रत्येक वाक्य स्वतः म्हणून दाखवत, आणि त्यांच्या मनातला आवाज आमच्या गळ्यातून निघेपर्यंत आम्हाला सोडत नसत. त्यामुळे मेट्रोनोमचा किस्सा वाचून मला ब्रेंडा ब्रूसचीच बाजू घ्यावीशी वाटते.

तरी बिली व्हाइटलॉ या नटीचे उदाहरण मला गप्प करते. १९७६ साली रॉयल कोर्टमध्ये बेकेटने ‘फुटफॉल्स’ बसवले, ते तिच्यासाठीच लिहिलेले होते. मंद उजेडाच्या एका पट्टीवर मोजून पावले टाकत येरझारा घालायच्या, दोन्ही हात अंगाभोवती आवळून धरायचे आणि जवळजवळ रंगहीन आवाजात बोलायचे, एवढेच तिच्या वाट्याला होते. माझ्यासारखा नट दुसऱ्याच दिवशी पळून गेला असता. तिने मात्र त्याच शिस्तीत आपली वाट शोधली आणि १९७९ साली ‘हॅपी डेज’साठी पुन्हा त्याच्याबरोबर उभी राहिली. तेव्हा असा दिग्दर्शक चांगला की वाईट, हे समोर कोण उभे आहे यावर बरेच अवलंबून असावे.

विंगेतून

‘फुटफॉल्स’चा विषय निघालाच आहे, तर तिथली पावलेही मोजून पाहू. पहिल्या छापील आवृत्तीत एका येरझारेची पावले सात आहेत. रंगमंचावर ती नऊ झाली, आणि पुढे संहितेतही नऊ आली. म्हणजे ज्या रंगसूचनेला आपण लेखकाचा हुकूम समजतो, ती इथे नटीच्या पायांनी तपासून घेतलेली आहे. बेकेट तालमीत उभा राहिला नसता, तर आपण आजही सातच मोजत बसलो असतो.

तिसरी_घंटा

हे उदाहरण माझ्या विरोधात जाते, हे मी कबूल करतो, आणि बर्लिनच्या ‘गोदो’विषयीचा माझा सूरही आता थोडा उतरला आहे. पण ती नऊ पावले रॉयल कोर्टच्या रंगमंचावर आणि व्हाइटलॉच्या चालीतून ठरली होती. उद्या एखाद्या अरुंद रंगमंचावर, आखूड पावलांच्या नटीला घेऊन कोणी अकरा पावले मोजली, तर आपण त्याला बेकेटच्याच मार्गाने जाणारा म्हणणार की नियम मोडणारा?

विंगेतून

अकरा मोजण्याआधी त्याने नऊ पावलांनी तालीम करून पाहिली असेल, तर मी तिकीट काढून जाईन.