समोरच्या फ्लॅटमधल्या आबाजींशी ओळख कशी वाढवू?

रत्नागिरीकर: मी मूळची रत्नागिरीची, मिहान या औद्योगिक भागातल्या नोकरीमुळे नागपूरला आलेय, मनीषनगरात भाड्याने राहते. समोर एक आबाजी एकटेच राहतात, मुलगा बंगलोरला. रेल्वेत गार्ड होते, नागभीडच्या छोट्या लाईनवर. जिन्यात भेटले की "जेवण झालं का बेटा" विचारतात आणि दार लावून घेतात, संध्याकाळभर बाल्कनीत एकटे बसलेले दिसतात, माझे आजोबा आठवतात आणि जीव तुटतो हो. एकदा भाजी नेऊन दिली तर दुसऱ्या दिवशी डबा लख्ख घासून आत संत्री घालून परत. त्यांना मी आगाऊ वाटायला नको आणि कीव करतेय असंही वाटायला नको. काय करू?

गोकुळपेठची काकू: अगं डब्यात संत्री घालून पाठवली ना, म्हणजे माणूस बोलायला तयार आहे. आता देणं थांबव, मागायला लाग. संत्री कुठून घेतली विचार, आत्ता मृगाच्या बहाराची सुरू आहेत, ती आधीच्या आंबिया बहाराच्या संत्र्यांपेक्षा गोड का लागतात यावर नागपूरचा म्हातारा माणूस तासभर बोलतो. मग म्हण, सांबारवडी, म्हणजे इथली कोथिंबिरीची वडी, चांगली कुठं मिळते, मला नेऊन दाखवा.

नागपुरी भाऊ: होळी झाली की इथं घरोघरी कूलर निघतो बाप्पा, आणि या वयात माळ्यावरून कूलर काढणं एकट्याचं काम नाही. तू कोकणातली, तुला कूलरचं माहीत नसणारच, तर सरळ त्यांना म्हण की माझ्याकडे कूलर लावायचा आहे, ताट्या (बाजूच्या गवताच्या जाळ्या) कोणत्या घेऊ, पंप कसा बसवू. ते शिकवून राहिले की मग त्यांचाही कूलर दोघं मिळून काढा. फक्त पाणी भरताना प्लग काढूनच भरायचं, लोखंडी बॉडीचा असेल तर अर्थिंग आधी तपासून घ्या, दर उन्हाळ्यात शॉक लागून माणसं जातात इथं.

रेल्वेवाल्याची मुलगी: नागभीडची लाईन विचार ना! 2019 मध्ये ब्रॉडगेजसाठी ती गाडी बंद झाली, तिच्यावर नोकरी केलेल्या माणसाकडे किती काय साठलेलं असेल. कडबी चौकाजवळ मोतीबागला नॅरोगेजचं, म्हणजे छोट्या लाईनचं, म्युझियम आहे 2002 पासून, जुनी इंजिनं, डबे ठेवलेत. घेऊन जा त्यांना. माझे बाबा तिथं गेले की आम्हालाच गाईडसारखं सगळं समजावून सांगायचे.

प्रतापनगर: म्युझियम छान आहे पण लगेच नको, दोन-चार महिने जिन्यातल्या गप्पा होऊ दे. आणि एक गोष्ट आधीच पक्की कर, त्यांचं एटीएम, ओटीपी, पासबुक यातल्या कशालाच हात लावायचा नाही, त्यांनी दिलं तरी नाही. नोव्हेंबरात पेन्शनचा हयातीचा दाखला आता मोबाईलवर चेहरा स्कॅन करून होतो, त्यात मदत कर, पण फोन त्यांच्याच हातात राहू दे. त्यांना विचारूनच मुलाचा नंबर घे आणि तुझाही त्याला दे, म्हणजे त्यालाही माहीत राहील शेजारी कोण आहे. मुलगा फोन उचलत नसेल आणि काही अडलं तर ज्येष्ठांसाठी 14567 ही सरकारी हेल्पलाईन आहे, सकाळी 8 ते रात्री 8. तब्येतीचं काही असेल तर मात्र थेट 108.